रणगाड्यामागच्या बारा गाड्या

माझ्या हातांना स्वस्थ बसायची सवय नाही आणि तोंडाला तर मुळीच नाही. पिंप्राळ्यात माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, मिक्सर, जे जळेल ते माझ्याकडे येतं. जळकी तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, झालं. नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतं, "मिस्त्री कुठे गेले?" मी म्हणते, "मिस्त्री तुमच्यासमोर उभी आहे, मोटार खाली ठेवा."

पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारी बंद, म्हणजे जळायच्याही बंद. तेवढे दोन-तीन महिने मी घरच्यांचं डोकं खाते. गेल्या पावसाळ्यात माझ्या नवऱ्याने, प्रेमराजने, वैतागून एक उपाय केला. तो केळीचा ट्रक चालवतो. सुरतेहून येताना रिमोटवर चालणारा रणगाडा घेऊन आला. हातभर लांब, हिरवा, वर फिरणारी तोफ. म्हणाला, "मोहिनी, माझं डोकं खाऊन झालं असेल तर आता हे खा."

पहिल्याच दिवशी तो रणगाडा दुकानाचा उंबरा चढेना. नुसता टर्र टर्र आवाज, आणि आतले प्लॅस्टिकचे दाते सोलून निघाले. माझं डोकंच सटकलं. एवढी ती तोफ, एवढा तो रुबाब, आणि उंबरा चढेना? पाना घेतला आणि उघडला.

मग काय, तीन महिने मी होते आणि तो होता. दोन्ही बाजूंच्या छोट्या मोटारींतली बारीक तार काढून जाड तार भरली. भंगारातल्या दोन ड्रिल मशीनचे लोखंडी गिअर काढून आत बसवले. पट्ट्यांच्या जागी सायकलच्या चेनी घातल्या आणि त्यांच्यावर जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले. वळताना चेन उतरायची, म्हणून मागच्या चाकाला स्प्रिंग दिली. पोटात जळक्या मोटारींचे पत्रे कोंबले, म्हणजे वजनाने तो जमीन धरून राहील. बॅटरीही ड्रिलचीच. वेग गेला, पण ओढायला लागला तो असा की विचारू नका. फळीवर तीन हॉर्सपॉवरची मोटार ठेवली तरी फरफटत न्यायचा. प्रेमराज म्हणायचा, "बाई, दारात उभं राहायची भीती वाटते, मलाही बांधशील."

दिवाळीत माझा धाकटा भाऊ हितेंद्र आला. त्याने ते पाहिलं आणि पोट धरून हसला. "ताई, आते येले बारागाड्या जुप!"

आमचं गाव पाचोऱ्याच्या अलीकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे खंडेरावाच्या बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, बैल नाहीत, गाड्यांमध्ये माणसं खच्चून भरायची, आणि सगळ्यात पुढे एकटा भगत, कमरेला दोर. दोन बाजूंना त्याला धरणारे दोन बगले. देवळापर्यंत तो त्या गाड्या ओढत नेतो. एकतीस वर्षं आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, ओढल्या. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि गाड्या वाटेत दोनदा अडकल्या. माणसांनी मागून लोटून देवळापर्यंत नेल्या. कोणी तोंडावर बोललं नाही, पण आबा त्या दिवसापासून पारावर जायचे बंद झाले. या वर्षी दोर हितेंद्रच्या कमरेला येणार होता. हितेंद्र हडकुळा, पतसंस्थेत बसून काम करणारा. हसत होता खरा, पण रात्री झोप लागत नाही म्हणाला.

मी गमतीखातर बारा छोट्या गाड्या केल्या. लाकडी चाकं, खिळ्यांचे आस, अगदी गावातल्यासारख्या. रणगाड्याने सात ओढल्या. आठवी लावली की चेनी जागच्या जागी फिरायच्या. मला चैन पडेना. जेवताना आठवी गाडी, भाजी चिरताना आठवी गाडी. शेवटी बाजारातून बारीक बेअरिंग आणून चोवीसच्या चोवीस चाकांना बसवले, वर थेंब थेंब तेल. आणि बाराच्या बारा गाड्या सुळकन निघाल्या! मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवत नाचले. व्हिडिओ काढला, हितेंद्रला पाठवला, त्याने गावाच्या ग्रुपवर टाकला.

गाव खूश झालं. यात्रेचे पंच निंबानाना, त्यांचा मला फोन. "पोरी, तू तं गाडाच मोकळा करा!" त्यांनी ठरवलं, लाकडी चाकांच्या गाड्या या वर्षी नकोत, तशाही गावात चारच उरल्यात, बाकीच्या आजूबाजूच्या गावांतून आणाव्या लागतात. टायरच्या गाड्या आणायच्या, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरायचं, हवा गच्च. पोरगं अडकलं नाही पाहिजे. मला इतका अभिमान वाटला की मी पिंप्राळ्यातल्या शेजारणींना बोलावून व्हिडिओ दाखवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी वाटलं, गावासाठी आणखी एक झकास व्हिडिओ करावा. या वेळी गाड्यांमध्ये माणसं म्हणून नटबोल्ट भरले. गावात देवळाकडे उतार आहे, म्हणून फळीलाही एका बाजूने वीट लावून उतार दिला. रणगाडा मस्त निघाला. फळीच्या टोकाशी मी देऊळ म्हणून डबी ठेवली होती, तिथे बटण सोडलं. रणगाडा थांबला. गाड्या थांबल्या नाहीत. पहिली गाडी त्याच्या पाठीवर चढली, दुसरी तिच्यावर, आणि रणगाडा उलटा. खाली उताणा पडला, चेनी हवेत.

मी हसले. खोटं कशाला बोलू, आधी हसलेच. मग हात तिथेच थांबला. त्या जागी माझा भाऊ होता.

आमच्याकडे भगत देवळाशी पोचला की दोर सोडत नाही. दोर तसाच कमरेला ठेवून पायरीवर कपाळ टेकवतो, आणि मगच बगले दोर सोडतात. आबा एकतीस वर्षं असेच वाकले. लाकडी चाकाची गाडी ओढायची थांबली की दोन पावलांत आपोआप थांबते, म्हणून कोणाला कधी काही झालं नाही. तिला ओढणंच अवघड, थांबवणं कोणाच्या डोक्यातही येत नाही. आणि मी त्या गाड्या मोकळ्या करून दिल्या होत्या. हितेंद्र पाठ करून वाकणार, आणि त्याच्या पाठीमागे दोन हातांवर पहिल्या गाडीचं जू, मागे बारा गाड्या आणि दीडशे माणसं.

पुन्हा केलं. पुन्हा चढली. सात वेळा केलं, पाच वेळा रणगाडा गाड्यांखाली गेला. बॅटरी तापून फुगायला लागली, बाहेर चव्वेचाळीसचं ऊन, तरी मी गाड्या पुन्हा पुन्हा लावत होते. प्रेमराज जेवायला आला तर मी फळीसमोर जमिनीवर बसलेली. त्याने एकदा पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

"मागचा लोड पुढच्याला ढकलतो," तो म्हणाला. "घाटात आम्ही यालाच भितो. मागच्या चाकांना ब्रेक लागला पाहिजे. मागचं ओढून धरेल, तर पुढचं थांबेल."

मी ताबडतोब शेवटच्या तीन गाड्यांचे बेअरिंग काढले आणि जुने खिळे घातले. रणगाडा कण्हत कण्हत निघाला, मोटारींतून वार्निशचा वास आला, पण निघाला. डबीशी थांबला आणि मागच्या गाड्याही ताणलेल्या दोरासकट थांबल्या. दहा वेळा केलं, दहाही वेळा थांबल्या.

हितेंद्रला फोन केला, तो बंद. भगत पाच दिवस देवळात राहतो, फोन नाही, बाईमाणसाशी बोलणं नाही. प्रेमराजने निंबानानांना फोन लावला. ते म्हणाले, "हो हो, जावईबापू, पाहतो, तुम्ही आमरसाला या." केळी भरून तयार होती, त्याला इंदूरला निघावंच लागलं. जाताना म्हणाला, "तू जा. आणि नीट बोल, भांडू नकोस." भांडू नकोस म्हणे! रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटेच्या गाडीने मी रणगाडा, बारा गाड्या आणि फळी पोत्यात घालून गावाला निघाले.

गावात झाडाझाडाला झोके, पोरी गाणी म्हणतायत, घराघरांतून खापरावरच्या पुरणपोळीचा वास. "मोहिनी उनी, आखाजीले उनी!" करत बाया पुढे आल्या. मी कोणाला धड उत्तर दिलं नाही. सरळ अंगणात गेले. आबा खाटेवर, शेजारी निंबानाना. मी पोतं ओतलं.

"देवना काममा हाई खेयनं कसाले आनं?" आबा म्हणाले.

"आबा, एकदा बघा. नुसतं बघा, मग मला काय बोलायचं ते बोला."

मी फळी मांडली, पण खाली वीट नीट बसेना, शेणाने सारवलेली जमीन मऊ. घाईत सगळं सपाट राहिलं. रणगाडा निघाला, फळीवरून खाली उतरला, बारा गाड्या त्याच्यामागे सारवणावर आल्या, मी बटण सोडलं, आणि सगळं कसं शहाण्यासारखं जागच्या जागी थांबलं.

निंबानाना मांडीवर थाप मारून हसले. "थांबनं ना मंग! बठ्ठा टायर टनाटन शेतस, पोरी. तू काळजी नको करू."

"नाना, इथे उतार नाही! मला पाच मिनिटं द्या, मी पुन्हा मांडते."

त्यांना पाच मिनिटं नव्हती. गाड्या ओळीने लावायच्या होत्या. ते उठले. मी आबांचा हात धरला. "आबा, मागच्या तीन गाड्या तरी लाकडी चाकांच्या लावा. चार आहेत ना गावात?"

आबांनी हात सोडवला. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "मी अडकनू, ते गाव आजून भूलनं नही. पोऱ्या अडकाले नको. त्यानं नाव नको जावाले." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनाही त्याची काळजीच होती. प्रत्येकालाच होती, आणि सगळे मिळून त्याला चाकाखाली घालत होते.

देवळाकडे गेले. दारात झिपरू बसलेला, दोन बगल्यांपैकी एक. "ताई, अंदर नही," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "मग तू सांग त्याला. म्हणावं, वाकू नकोस, दोर सोडून बाजूला हो." झिपरूने कानाला हात लावला. भगताला असं कोणी सांगतं का!

दुपारी गाव जेवायला बसलं. बारा गाड्या रस्त्यावर ओळीने बांधून तयार. शेवटच्या तीन गाड्या निंबाच्या झाडाखाली, लांब. मी घरात येरझाऱ्या घालत होते. गाड्यांना या दिवशी बाईने शिवायचं नसतं. लहान होते तेव्हा चेंडू गाडीखाली गेला म्हणून वाकले, तर आबांनी काठी घेतली होती. आणि आता मागच्या टायरची हवा सोडून ब्रेक केला आणि तो अडकला तर? गाव म्हणेल, देवाने भगत नाकारला. हितेंद्र आयुष्यभर मान वर करणार नाही. मी पिशवीतून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि मागच्या दाराने निघाले.

चुलीपाशी हितेंद्रची बायको पुनम होती. तिने सकाळपासून सगळं ऐकलं होतं. हात पुसत निंबाच्या झाडापर्यंत माझ्यामागे आली.

"ताई, ते अडकतील का?"

"अडकेल कदाचित. सांगता येत नाही."

"अडकू द्या," ती म्हणाली आणि गाडीच्या पुढे रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, पदर पसरून, जणू ऊन लागतंय.

तीन गाड्या, सहा टायर. मी एकेकाच्या वॉल्व्हची पिन दाबली. फुस्स आवाज असा मोठा, मला वाटलं पाचोऱ्यापर्यंत गेला. निम्म्याहून जास्त हवा सोडली. थोडी ठेवली, कारण रणगाड्याला जमलं म्हणजे माणसाला जमेल असं नाही, हे मला ठाऊक होतं. किती ठेवायची ते मात्र कुठल्याच फळीवर मोजलं नव्हतं. अंदाजाने सोडली, खंडेरावाचं नाव घेतलं आणि सोडली.

पाच वाजता हितेंद्र देवळातून बाहेर आला. अंगभर हळद, गळ्यात हार, पाच दिवसांत आणखीनच वाळलेला. गाड्यांना पाच फेऱ्या घातल्या. मी बायांमध्ये उभी होते, त्याची नजर माझ्यावर आली आणि पुढे गेली. माणसं गाड्यांवर चढली, खच्चून. दोर कमरेला बांधला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" आणि हितेंद्रने जोर लावला.

गाडी हलली नाही.

परत घोष झाला. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. पाय मातीत रुतले, चाकं जागची हलेनात. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पारावर आबा खुर्चीत होते, त्यांनी डोळे मिटले. माझ्या शेजारी कोणीतरी कुजबुजलं, "बापनं तेच, पोऱ्यानंही तेच." मी पुनमचा हात इतका घट्ट धरला की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. हे मी केलं. सख्ख्या बहिणीने केलं. पळत जाऊन ओरडून सांगावं असं वाटलं, आणि पाय उचलेना.

तिसऱ्यांदा तो दोरावर अंग टाकून जवळजवळ आडवा झाला. पहिली गाडी कुरकुरली. मग दुसरी. एकेक गाडीचा दोर ताणला जात गेला आणि बारा गाड्या निघाल्या, हळू, फार हळू. तो पाऊल टाकायचा, थांबायचा, पुन्हा टाकायचा. उतार लागला तरी गाड्या धावल्या नाहीत. गाव वेडं झालं होतं. देवळाशी तो पोचला आणि वाकला. मी डोळे मिटणार नाही असं ठरवलं होतं. मिटले.

उघडले तेव्हा त्याचं कपाळ पायरीवर होतं आणि पहिल्या गाडीचं जू त्याच्या पाठीपासून दोन हातांवर, जिथे असायला पाहिजे तिथेच.

भंडारा उधळला गेला. तेवढ्यात मागून निंबानाना ओरडत आले. "टायर! मांगना टायरमा हवा नही! कोन्ही सोडी दिन्ही!" गर्दी मागे धावली आणि तशीच चिंधाकडे वळली. चिंधाला आपल्या मुलाला भगत करायचं होतं, सगळ्यांना ठाऊक. दोघांनी त्याची गचांडी धरली. तो बिचारा नुसता "मी नही, मी नही" म्हणत होता.

"सोडा त्याला!" मी गर्दीत घुसले. "हवा मी सोडली. सहाही टायरची, माझ्या हाताने."

चिंधाची गचांडी सुटली. आबा दोघांच्या आधाराने तिथवर आले होते. "मोहिनी," ते म्हणाले, "गाडाले हात लावा तू?"

"लावला. गाडी त्याच्या अंगावर जाणार होती, आबा. तुम्हाला सांगितलं, नानांना सांगितलं, त्या झिपरूच्या पाया पडायचंच बाकी होतं! मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण हितू अडकला ते माझ्यामुळे, देवामुळे नाही. त्याला कोणी बोलायचं नाही."

हितेंद्र पायरीवर बसला होता, दोर अजून कमरेला. त्याने उजवा पाय उचलला आणि हाताने टाचेवरची हळद पुसली. खाली कातडी नव्हती. लालभडक मांस दिसत होतं.

"मंगयवारे, देऊळमा बसाना पहिले, तीन गाड्या जुपी पाह्या," तो म्हणाला. "थांबनू तं गाडी टाचवर उनी. तीनच व्हत्यात, ताई. आज बारा व्हत्यात."

मला कळायला वेळ लागला. त्याला माहीत होतं. पाच दिवस देवळात बसून त्याला माहीत होतं, वाकलो की काय होणार ते, आणि तरी हार घालून बाहेर आला होता.

मी पुढे झाले आणि भर गावासमोर भगताच्या थोबाडीत ठेवून दिली. "मेल्या, बोलता येत नव्हतं तुला?" मग त्याला उराशी धरलं. माझ्या साडीला, तोंडाला, सगळीकडे हळद लागली.

आबा गुडघे धरत कसेबसे खाली बसले. त्यांनी ती टाच आपल्या हातात घेतली. "माले तरी सांगतास ना रे भाऊ. कसाले सांगं नही?"

हितेंद्रने माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "आबा, माले गाड्यास्नी भीती नही वाटनी," तो म्हणाला. "तुम्हनी वाटनी."

आबांनी मान खाली घातली. टाच मात्र बराच वेळ सोडली नाही.